मिल्ट्रीमा शे

चाळीसगाव हे जंक्शन आहे. म्हणजे इथून धुळ्याला एक फाटा फुटतो आणि उरलेल्या गाड्या मनमाडकडे नाहीतर भुसावळकडे निघून जातात. समुद्र यांतल्या कुठल्याही दिशेला जवळपास लागत नाही. गावाला विमानतळ नाही, छावणी नाही. अशा ठिकाणाहून आमच्या एकट्या घराने देशाच्या तिन्ही दलांना माणसं पुरवली. आबा, म्हणजे थोरले काका, तोफखान्यात होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांच्या पाठचे नाना नौदलात, चीफ पेटी ऑफिसर. धाकटे जिभाऊ हवाई दलात, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर. माझे वडील या तिघांच्या मध्येच कुठेतरी जन्मले आणि त्यांनी तालुक्यात मास्तरकी केली, त्यामुळे घरात त्यांचं कोणी ऐकून घेत नसे.

तिघांची पेन्शन एकाच बँकेत, एकाच तारखेला जमा होते. एकमत तेवढ्यापुरतंच. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा आला की देशाचं खरं रक्षण कोणी केलं हा विषय निघतो आणि चहा निवतो.

पण माझं निरीक्षण असं, की जगात इतरत्र ही भांडणं श्रेष्ठत्वासाठी होत असतील, आमच्या ओट्यावर ती ओळखीसाठी होतात. कारण गावाला या तिघांत काही फरक दिसतच नाही. भाजीवाली, न्हावी, सोसायटीचा चेअरमन, लग्नं जुळवणारे, सगळ्यांचं एकच वाक्य ठरलेलं : "मिल्ट्रीमा शे." अर्धं आयुष्य जहाजावर काढलेल्या नानांना लोक विचारतात, "नाना, तुम्हनी बॉर्डर कोणती व्हती?" तिन्ही दलांचा समन्वय साधण्यासाठी सरकारने संरक्षण दलप्रमुख हे पद निर्माण केलं आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत त्या पदावर आले. चाळीसगावाने हे काम पदनिर्मितीशिवायच उरकून टाकलं होतं.

त्याची सुरुवात आजीपासून झाली. आबांच्या पत्रावर पत्ता असे 'मार्फत ५६ एपीओ'. हे फौजेचं टपाल कार्यालय. तुकडी लडाखात असो की पंजाबात, पत्र त्याच आकड्याने फिरतं, म्हणजे शत्रूला ठिकाण कळत नाही. आजीलाही कळत नव्हतं. पुढे जिभाऊंची बदली सीमेजवळच्या एका तळावर झाली आणि त्यांच्याही पत्त्यात ५६ एपीओ आलं. आजीने सरळ अर्थ लावला, की दोघं भाऊ आता एकाच गावात राहायला आले. मग दोघांनाही पत्रं गेली, "भावाकडे जेवाले का जात नई?" पाठोपाठ उडदाच्या पापडांचं एकच पार्सल आबांच्या नावे निघालं, आत चिठ्ठी : अर्धे जिभाऊले दी दे. आबांनी ते पापड आपल्या बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीत, वाटून टाकले. जिभाऊ त्या अर्ध्या पापडांचा हिशेब आजही मागतात, आणि आबा म्हणतात, युद्धसामग्रीचा हिशेब सिव्हिलियनला देता येत नाही. नानांचा पत्ता होता 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. त्यामुळे आजी शेवटपर्यंत समजत होती, की नाना मुंबईला पोस्टात आहे. शेजारणींना ती हे जरा जास्तच कौतुकाने सांगायची, कारण पोस्टात गोळीबार नसतो.

आबांच्या मते हवाई दल म्हणजे पंख्याखालची नोकरी आणि नौदल म्हणजे सरकारी खर्चाने पर्यटन. जिभाऊंच्या मते आर्मी म्हणजे आधी खड्डा खणायचा, मग तो बुजवायचा, आणि दोन्हींच्या मध्ये कधीतरी त्याचं कारण विचारायचं, तेही मनातल्या मनात. हलणारं काही दिसलं तर सॅल्यूट ठोका, न हलणारं दिसलं तर चुना फासा, अशी छावणीतली जुनी म्हणच आहे. आबांनी ती घरी आणली. त्यांच्या अंगणातला प्रत्येक दगड खाली गेरू आणि वर चुना अशा गणवेशात उभा असतो. लिंबाच्या झाडांची खोडं रंगली, नळाचा चबुतरा रंगला, आणि एकदा पाहुण्याची मोटरसायकल दुपारभर तिथे उभी राहिली, तेव्हा जिभाऊ धावत जाऊन पाहुण्याला म्हणाले, "पाव्हनं, गाडी हलवा, आबा डबा घेऊन निंघेल शे."

जिभाऊंचे केस मात्र जसेच्या तसे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पायदळाचे आणि नौदलाचे लोक हवाई दलवाल्यांना 'ब्रिलक्रीम बॉइज' म्हणून चिडवत. हा शोध मी एकदा ओट्यावर जाहीर केला आणि आबा आठवडाभर खुश होते. जिभाऊंच्या खिशात कंगवा असतो ही गोष्ट खरीच आहे. पण त्यांची खरी सवय वेगळी आहे, आणि ती घराला जास्त महागात पडते. विमानाची दुरुस्ती करणारा माणूस कामाआधी आणि कामानंतर हत्यारं मोजतो. एक पाना कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण तो इंजिनात राहिला असेल तर संपलं. जिभाऊंनी निवृत्तीनंतर हा नियम स्वयंपाकघराला लावला. एका साखरपुड्यात शेवभाजी वाढायचा डाव सापडेना. जिभाऊंनी पंगत उठू दिली नाही. हात वाळले, वधूपक्षाची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तरी माणूस हलेना. डाव शेवटी पातेल्याच्या तळाशी, भाजीच्या आत सापडला. "इंजिनमा गया व्हता," एवढंच ते म्हणाले.

नानांबद्दल लोकांची समजूत अशी, की नौदलातला माणूस पाण्याची उधळपट्टी करत असणार. उलट आहे. जहाजाला चहूबाजूंनी पाणी असतं, पण गोडं पाणी मोजूनमापून. नाना एका बादलीत आंघोळ, दाढी, बनियन आणि मोरीची फरशी एवढं सगळं उरकतात. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा घरात एकटे नानाच शांत असतात. मला तर वाटतं, नौदलाने माणसं निवडायला किनाऱ्यावर जाऊच नये. खानदेशातली घ्यावीत, निम्मं प्रशिक्षण आईने दिलेलं असतं.

आता एक गोष्ट मी तिघांच्या तोंडावर कधी बोललेलो नाही, इथे लिहितो. नानांची नोकरी बरीचशी आयएनएस विराटच्या इंजिन रूममध्ये गेली. ते जहाज वाफेवर चालायचं; खाली बॉयलर, घाम आणि पाइप. समुद्र वर होता. नानांनी समुद्र किती पाहिला असं विचारलं तर ते विषय बदलतात. जिभाऊंची बरीच वर्षं ओझरच्या डेपोत मिग विमानांची इंजिनं खोलण्यात गेली. विमान त्यांनी उडवलं नाही. एएन-३२मध्ये बसून एकदा प्रवास केला, त्याचं वर्णन ते जेवणाआधी करत नाहीत. आणि आबा? बोफोर्सचा गोळा वीस-पंचवीस किलोमीटरवर जाऊन पडतो. आबांनी आयुष्यात जे जे फोडलं, त्यातलं काहीही त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही. फक्त आवाज ऐकला, आणि तोही आता डाव्या कानाने ऐकू येत नाही. म्हणजे समुद्र न पाहिलेला खलाशी, विमान न उडवलेला हवाई सैनिक आणि शत्रू न पाहिलेला तोफची अशी तिघांची बैठक भरते, आणि रोज संध्याकाळी मास्तरच्या मुलाला युद्ध समजावते.

प्रजासत्ताक दिनी शाळेत तिघांनाही मानाने बोलावतात आणि दरवर्षी मुलांचा गोंधळ होतो. आबांचा सॅल्यूट आर्मीचा, तळवा पूर्ण समोर. नानांचा तळवा जमिनीकडे. जुन्या काळी दोरखंडांना डांबर फासून खलाशांचे हात काळे व्हायचे, ते अधिकाऱ्याला दिसू नयेत म्हणून अशी रीत पडली म्हणतात. इंजिन रूमच्या माणसाला ती आणखीच सोयीची. जिभाऊंचा सॅल्यूट या दोघांच्या मधोमध, पंचेचाळीस अंशांत. पूर्वी हवाई दलाचा सॅल्यूट आर्मीसारखाच होता, तो २००६मध्ये बदलला. तेव्हा जिभाऊ नोकरीत होते. आबांना हे कळल्यापासून त्यांच्या हातात कायमचा मुद्दा आला : "आमचा हात जसाच्या तसा शे. यासना बठ्ठा हात सरकारने वाकडा कया." समोर शंभर पोरं तीन प्रकारचे हात बघतात आणि त्यांना जो जवळचा वाटेल तो करतात. पीटीच्या सरांनी एकदा विचारलं, बरोबर कोणाचा? तिघंही एकदम "माझा" म्हणाले आणि राष्ट्रगीत दोन मिनिटं उशिरा सुरू झालं.

हुद्द्यांचं तर विचारूच नका. नात्यातल्या एका मुलीला नौदलातल्या लेफ्टनंटचं स्थळ आलं. मुलीचे वडील नाराज, कारण शेजारच्या आळीत आर्मीतला कॅप्टन जावई होता. नानांनी ओट्यावर पाटी-खडू घेऊन वर्ग घेतला : नौदलाचा लेफ्टनंट हा आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा, आणि नौदलाचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा थेट कर्नल. जिभाऊंनी हवाई दलाचा ग्रुप कॅप्टनही कर्नलच्याच ओळीत बसवला. आबा म्हणाले, "कर्नल शे ते कर्नल म्हणा ना, कॅप्टन कशाले म्हणतस?" एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मंग हाऊ पोरगा जहाजना कप्तान कधी व्हई?" लग्न झालं. गावात तो जावई मिल्ट्रीमा आहे.

खरी लढाई मात्र पंधरा ऑगस्टच्या सुमारास होते, टीव्हीवर 'बॉर्डर' लागला की. पिक्चरमधली लोंगेवालाची रात्र ४ आणि ५ डिसेंबर १९७१च्या मधली. पंजाब रेजिमेंटची एक तुकडी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, समोर पाकिस्तानी रणगाडे. हंटर विमानांना अंधारात काम करता येत नव्हतं, म्हणून ती जैसलमेरहून उजाडल्यावर आली आणि उघड्या वाळवंटात त्यांनी रणगाड्यांची दाणादाण उडवली. श्रेय कोणाचं, यावर निवृत्त अधिकारीही पुढे वर्षानुवर्षं भांडले. आमच्याकडे हा वाद रिमोटवर चालतो. रात्रीचा भाग संपेपर्यंत रिमोट आबांकडे. "रातभर कोण उभं व्हतं?" सकाळ झाली की जिभाऊ आवाज वाढवतात. "रातभर उभा ऱ्हायनात, पन रणगाडा कोणी फोडा?" पिक्चरमध्ये सनी देओल आहे, जॅकी श्रॉफ आहे, आणि नानांच्या वाट्याला कोणीच नाही. तीन तासांच्या आसपासचा पिक्चर आणि त्यात पाणी म्हणाल तर सैनिकांच्या बाटलीतलं.

नानांचं म्हणणं चुकीचं नाही. नेमक्या त्याच रात्री नौदलाच्या निर्घात, निपात आणि वीर या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या होत्या. त्यांनी खैबर नावाची विनाशिका बुडवली, बंदराची झोप उडवली. ४ डिसेंबर हा नौदल दिन त्यामुळेच. "तठे आम्ही कराची पेटाडी ऱ्हायंतूत, आनि तुम्ही इठे वाळूवरनं भांडतस," नाना पडद्यावरच्या वाळवंटाकडे बोट दाखवून म्हणतात. इथे आबा त्यांच्या बाजूने मान डोलवतात, कारण त्यांना पुढचं माहीत असतं. जिभाऊ घसा साफ करतात आणि विचारतात, "केमारीच्या तेलाच्या टाक्या कोणी पेटवल्या?" कराचीतल्या केमारीच्या त्या टाक्यांवर हवाई दलाची हंटर विमानंही त्याच दिवसांत जाऊन आली होती, आणि आग नक्की कोणाची यावर दोन्ही दलांत आजतागायत वाद आहे. अर्धशतकाहून अधिक काळापूर्वी विझलेली ती आग आमच्या ओट्यावर दर ऑगस्टमध्ये पुन्हा लागते. आबा मधे बसून दाणे खातात.

अमेरिकेतही हेच चालतं म्हणे. तिथल्या आर्मी आणि नेव्हीच्या प्रबोधिन्या १८९०पासून एकमेकींविरुद्ध फुटबॉल खेळतात. नेव्हीचं मानचिन्ह बोकड आहे, आणि आर्मीच्या पोरांनी तो कैक वेळा पळवून नेलेला आहे. हे मी सांगितल्यावर तिघांनी, बऱ्याच दिवसांनी, एकाच सुरात विचारलं, "मंग कापा का नई?"

आबांना एकदा कन्नड घाटात इतिहासाचं हत्यार सापडलं. या घाटाचं जुनं नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम हा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी. त्याने १८२५मध्ये भिल्लांना घेऊन खानदेश भिल्ल कोअर उभी केली, धरणगावला. तो स्वतः मुंबई पायदळाच्या २३व्या पलटणीतला. शिस्तीच्या पलटणी असल्या नव्या, जंगलातल्या शिपायांना नाकं मुरडणार अशीच सगळ्यांची अटकळ होती. पण भिल्ल कोअर मालेगावच्या छावणीत आली, तेव्हा २३व्या पलटणीच्या शिपायांनी त्यांना आपल्यात बसवून घेतलं, खाऊपिऊ घातलं. मला हा प्रसंग खानदेशच्या इतिहासातला फार मोठा वाटतो, तोफा-तलवारींच्या प्रसंगांहून मोठा. आबांनी त्यातून काढलेलं तात्पर्य लहान होतं : "पायदळनं मन मोठं ऱ्हास." जिभाऊ म्हणाले, "तुम्ही तर तोफखान्यात होते." आबा डाव्या कानाने ऐकायला लागले.

२०२१च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्या एकदम चढल्या, घाटात दरडी कोसळल्या, बाजारात पाणी शिरलं. लोकांचं फार नुकसान झालं, जनावरं गेली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पाणी वाढत असताना गल्लीतले लोक नानांकडे धावत आले, कारण गावातला एकुलता एक नौदलाचा माणूस तो. नाना म्हणाले, "मी इंजिनवाला शे रे भो, पोहाले मी तुम्हनाइतकाच." पण पाणी ओसरल्यावर त्यांनी दोन दिवस दुकानांच्या तळघरांत बसून चिखलाने बंद पडलेले पंप एकेक करून चालू केले. विराटचे बॉयलर सांभाळलेल्या माणसाला डिझेल पंप काय जड. व्यापाऱ्यांनी नंतर गणपतीत जाहीर सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि 'आपले मिल्ट्रीवाले' असा फलक. शाल आबांच्या खांद्यावर पडली, कारण ते पुढच्या रांगेत बसले होते. आबांनी ती परत केली नाही. नाना आजही थंडीत ती शाल बघतात.

मग आत्याच्या धाकट्याने भरतीची तयारी सुरू केली. पहाटे धुळे रोडला निम्मा तालुका पळत असतो, त्यात हाही. तीन मामांनी त्याला वाटून घेतलं. अग्निवीरच्या भरतीत आर्मीला सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळालं तर पूर्ण साठ गुण, त्यामुळे आबा शिट्टी आणि घड्याळ घेऊन मोटरसायकलवर मागे. हवाई दल तेवढ्याच अंतराला सात मिनिटं देतं, हे कळल्यावर आबांचा दिवस चांगला गेला. जिभाऊ म्हणाले, उरलेल्या दीड मिनिटात आमची पोरं विचार करतात, आणि त्यांनी त्याला फिजिक्स, गणित आणि इंग्रजीला बसवलं. नानांनी विहिरीत पोहायला उतरवलं आणि वरून गाठी मारायला शिकवल्या. पोरगा सकाळी पळायचा, दुपारी त्रिकोणमिती करायचा, संध्याकाळी दोरात गुंतायचा. आत्या म्हणायची, याच्यापेक्षा लढाई बरी.

तो लागला राज्य राखीव पोलीस बलात, धुळ्याच्या सहा नंबर गटात.

ओट्यावर शांतता पसरली. आबांनी विचारलं, तिथे किती पळावं लागलं? पोरगा म्हणाला, पाच किलोमीटर, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. आबांनी घड्याळ खिशात घातलं. जिभाऊंनी विचारलं, कँटीन आहे का. नानांनी विचारलं, बंदोबस्त किनाऱ्यावर पण लागतो का. लागतो, म्हटल्यावर नानांचं समाधान झालं.

जायच्या दिवशी आबांनी आपली काळी ट्रंक काढली, तिच्यावर पांढऱ्या रंगाने पोराचं नाव आणि गट क्रमांक लिहिला, आणि रंग उरला म्हणून कोपऱ्यातलं जातंही रंगवलं. जिभाऊंनी आतल्या वस्तूंची यादी दोन प्रतींत केली, एक झाकणाला आतून चिकटवली. नानांनी वरून दोर बांधला. शेजारचे आप्पा म्हणाले, "मिल्ट्रीमा लागना का?" पोरगा म्हणाला, "नई आप्पा, एसआरपी." आप्पा म्हणाले, "तेच ना भो," आणि त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली. धुळ्याची मेमू सुटली.

रात्री त्याचा फोन आला. आत्याने स्पीकर लावला. नानांची गाठ काही केल्या सुटत नव्हती, आणि गणवेश, ताट, पांघरूण सगळं आत होतं.

"डावा पदर आधी सैल कर," नाना म्हणाले, "मंग खालून वर."

"काप," आबा म्हणाले.

"कशाने कापशी ते लिही ठेव," जिभाऊ म्हणाले, "आनि कापी झाल्यावर मोज."